आईला विचारू नये म्हणतात

मी थालीपिठाची भाजणी विकतो. स्टार्टअपवाल्यांच्या मेळाव्यात हे वाक्य उच्चारलं, की समोरचा माणूस हसत हसत माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागतो. तिकडे कुणी ड्रोनवाला उभा आहे का, हे त्याला बघायचं असतं. म्हणून हल्ली मी 'पारंपरिक मल्टिग्रेन न्यूट्रिशनमध्ये आहे' असं सांगतो. मग तोच माणूस खुर्ची ओढून बसतो आणि विचारतो, "फंडिंगचं कुठवर आलंय?" मी म्हणतो, "बोलणी चालू आहेत." ती खरोखरच चालू असतात. मेहुण्याशी.

सांगलीहून पुण्याला अशा मेळाव्यांना जाण्यामागचा माझा हेतू अगदी सरळ होता. धंदा शिकायचा होता आणि घरात शिकवायला कुणी नव्हतं. आमच्या घराण्यात तीन पिढ्या पगारावर जगल्या. 'धंदा' हा शब्द आमच्याकडे ऐकू यायचा तो फक्त 'त्यानं धंदा काढला आणि राहतं घर घालवलं' या वाक्यात, तोही जेवताना, मुलांना ऐकू जाईल अशा बेतानं.

मेळाव्यात गळ्यात अडकवायला नाव लिहिलेली पट्टी मिळते, बिनदुधाची कॉफी मिळते आणि मेंटॉर मिळतात. मेंटॉर तर वाटेल तितके. एकानं सांगितलं, अ‍ॅप काढा. दुसऱ्यानं सांगितलं, काहीही करा पण अ‍ॅप काढू नका. तिसरा म्हणाला, "तुमचा टॅम किती?" एकूण बाजारपेठ केवढी, असं त्याला विचारायचं होतं. हे गणित मला फार आवडलं, कारण ते खुर्चीवरून न उठता करता येतं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. त्यातल्या फक्त एक टक्का लोकांनी महिन्याला पाव किलो भाजणी घेतली, तरी २८१ टन. मेंटॉर खूश झाला. 'फक्त एक टक्का' म्हणताना आवाज खाली आणायचा, हेही त्यानंच शिकवलं.

सांगलीला परतल्यावर तो आकडा मी गिरणीवाल्या अण्णांना सांगितला. ते पट्टा चढवत होते.

"महिन्याला २८१ टन, अण्णा."

"व्हय?" अण्णा म्हणाले. "लोडशेडिंग धरून का सोडून?"

एवढं सगळं असूनही त्या जगाची एक गोष्ट मला मनापासून आवडते. ते लोक शिकलेलं लपवून ठेवत नाहीत. आमच्या पेठेतला फरसाणवाला शेवेत काय घालतो हे सख्ख्या भावाला सांगत नाही. तिकडे अमेरिकेत २००५ साली निघालेली वाय कॉम्बिनेटर ही संस्था नव्या कंपन्यांना पैसे देते आणि त्यातून आलेलं शहाणपण व्हिडिओ करून फुकट वाटते. तिचे एक संस्थापक पॉल ग्रॅहम यांनी २०१३ साली एक निबंध लिहिला. त्याचा मथितार्थ असा, की सुरुवातीला मोठ्या प्रमाणावर करता येणार नाहीत अशीच कामं करा. दारोदार जा, एकेक ग्राहक हातानं जोडा. हे वाचून मला फार बरं वाटलं. मी सायकलवरून पाकिटं पोचवत होतो तेव्हा नातेवाईक म्हणायचे, बिचाऱ्यावर काय वेळ आली. तीच वेळ आता सिलिकॉन व्हॅलीत मान्य झाली होती.

त्याच गोतावळ्यातली एअरबीएनबीची कथा तर मला तोंडपाठ आहे. २००८ साली हातात पैसे उरले नाहीत, तेव्हा या पोरांनी अमेरिकी निवडणुकीच्या हंगामात ओबामा आणि मॅकेन यांच्या नावानं न्याहारीच्या सीरियलची खोकी काढली आणि ओबामांचं खोकं ४० डॉलरला विकून वेळ निभावून नेली. ४० डॉलर! आमच्याकडे एका बाईंनी पाकिटामागे पाच रुपये कमी करून घेतले आणि वर पिशवी मागितली.

पण सगळ्यात जास्त उपयोग झाला तो रॉब फिट्झपॅट्रिक यांच्या 'द मॉम टेस्ट' या २०१३ च्या पुस्तकाचा. त्यांचं म्हणणं असं, की आपली कल्पना कशी आहे हे आईला विचारू नये, ती प्रेमापोटी खोटं बोलते. कल्पनेबद्दल मत मागण्याऐवजी माणसानं आजवर प्रत्यक्षात काय केलंय ते विचारावं. लेखकाला मराठी आईचा अनुभव नसावा. मी खात्री करायला आईला विचारलंच. ती म्हणाली, "जिल्हा परिषदेची भरती निघालीय. तुझं वय अजून बसतंय."

आपल्याकडे खोटं बोलतात ते शेजारी. त्यासाठी त्यांच्याकडे 'छान' हा एकच शब्द आहे आणि तो सर्व प्रसंगी पुरतो. भाजणी चाखून अख्खी गल्ली 'छान' म्हणाली; घेतली कुणीच नाही. मग मी पुस्तकातल्यासारखे प्रश्न विचारायला लागलो. शेवटचं थालीपीठ घरी कधी झालं होतं? भाजणी कुठून आणली होती? उरलेल्या पिठाचं काय केलं? पहिल्या प्रश्नाला लोक दचकतात, आपण आरोग्य खात्यातून आलोय असं त्यांना वाटतं. समोरच्या काकू मात्र काही न बोलता आत गेल्या आणि माळ्यावरचा डबा घेऊन आल्या. त्यातल्या भाजणीला जाळी धरली होती.

"मुलगा-सून जर्मनीत," काकू म्हणाल्या. "ह्यांना डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय. मी एकटी किलोभर भाजणी कधी संपवणार, सांग तू."

त्या गल्लीत आणि पुढच्या दोन गल्ल्यांत असे डबे घरोघरी निघाले. आणखी एक गोष्ट कळली: ज्यांना थालीपीठ खायचं होतं त्या तरुण मंडळींना ते थापता येत नव्हतं. तव्यावर भोकं पाडून तेल सोडायचं, हे त्यांनी आईला फोन करून विचारलं होतं. तेव्हापासून पाकीट पाव किलोचं झालं आणि मागे कृती छापली गेली. विक्री हलली ती त्यामुळे. २८१ टनांचा तक्ता माझ्याकडे अजून आहे, रंगीत आहे.

आमच्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी असल्यामुळे या विषयावर मला फार उड्या मारता येत नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमिनीत विष भिनेल या भीतीनं शेतकऱ्यांनी तो घेतला नाही. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. मॉम टेस्टमध्ये ते सपशेल नापास झाले असते. त्यांनी हेका सोडला नाही आणि १९१० साली माळावर कारखान्याचं गाव वसवलं. ग्राहकाचं कधी ऐकायचं आणि कधी नाही, याचा व्हिडिओ मी अजून शोधतोय.

राहता राहिले पैसे. मेळाव्यात पैशांबद्दल बोलणं चालतं ते कोटींत. माझ्या लाखांकडे बघायला तिथे कुणाला फुरसत नव्हती. मला लागणारी माहिती गिरणीत मिळाली. अण्णांच्या साडूनं मिरची कांडपाचं यंत्र घेतलं होतं, ते केंद्राच्या २०२० सालच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून. बँकेचं कर्ज आणि प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. कागद कोणते लागतात, हे साडूंनी पोत्यावर बसून सांगितलं. वर्षानुवर्षं लोक गिरणीत नंबर लावून बसतात, त्यामुळे अख्ख्या गावाची अर्थव्यवस्था अण्णांना पाठ आहे. कॉफी तेवढी मिळत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं आपल्याकडे आधीपासून होतंच. असं म्हणणाऱ्यांचेही मेळावे भरतात. तिथे चहा चांगला असतो, एवढाच फरक. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, हे आता सगळे कौतुकानं सांगतात. तेव्हा त्या गच्चीवर एखादा मेंटॉर असता तर त्यानं विचारलं असतं, पापड काय कुणीही लाटेल, तुमच्यात वेगळं काय? आज लिज्जतमध्ये सुमारे ४५ हजार बायका काम करतात. पण त्यांनी हिशेब कसा ठेवला, पापडाची चव सगळीकडे एकसारखी कशी राखली, हे शिकायला आपल्यातले किती जण गेले? मीही व्हिडिओच बघत बसलो होतो, कारण ते इंग्रजीत होते.

माझं मत विचाराल तर या स्टार्टअपवाल्यांची पुस्तकं जरूर वाचावीत, त्यांचे प्रश्न उचलावेत आणि त्यांचे आकडे तिथेच ठेवून यावेत. वाचकांत कुणी गुंतवणूकदार असतील तर त्यांचंही स्वागत आहे. फक्त आधी एक पाकीट विकत घ्यावं. पाव किलोचे ७० रुपये. उधारी बंद आहे.