इंजिनाच्या पिवळ्या दिव्यास अनावृत पत्र

राजमान्य राजश्री पिवळा दिवा, मुक्काम डॅशबोर्ड, वेगदर्शकाच्या काट्याखाली, यांस

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या वैशाखात भाचीच्या लग्नासाठी पुण्याहून कऱ्हाडास जात असता, खंबाटकीचा घाट निर्वेधपणे ओलांडून, आता सुरूरला चहा घ्यावा की थेट साताऱ्यासच थांबावे याविषयी माझा आणि सौभाग्यवतींचा विचारविनिमय चालू होता, त्या अत्यंत सलोख्याच्या घटकेला आपण कोणतीही पूर्वसूचना न देता प्रकट झालात. उष्णतेचा काटा मध्यावर होता, धूर नव्हता, खडखडाट नव्हता. फक्त आपण होता. सौभाग्यवतींनी विचारले, "हे काय पेटलंय?" मी म्हणालो, "इंजिन." या एकशब्दी उत्तराने त्यांच्या मनात जे चित्र उभे राहिले, त्याचा परिणाम असा की चहा सुरूरलाही झाला नाही आणि साताऱ्यासही नाही, आणि ताशी चाळीसच्या गतीने आम्ही मांडवात पोहोचलो तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती.

आपल्या पेटण्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या मौनाविषयी. आपल्या शेजारचे दिवे पाहा. तेल कमी पडले तर तेलाची झारी दिसते, दार उघडे राहिले तर दार दिसते, पट्टा लावला नाही तर पट्टा लावलेला माणूस दिसतो. आपण मात्र, इंजिन आहे की तोटी बसवलेली पाण्याची टाकी आहे याचा उलगडा जाणकारासही होऊ नये असे एक चित्र धारण करून, त्या एका चित्रावर इंजिनाच्या शेकडो दोषांची बोळवण करता. अमेरिकेत म्हणे टाकीचे झाकण सैल राहिले तरी आपण पेटता. नुसते तेवलात तर सावकाश चालवावे आणि लुकलुकू लागलात तर ठिणगी चुकते आहे व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळण्याच्या बेतात आहे असे समजावे, एवढीच काय ती आपली बाराखडी. आणि संताप आणणारी गोष्ट पुढेच आहे. आपणांस कारण ठाऊक असते! संगणकाच्या दफ्तरी ते अक्षर-अंकांत नोंदलेले असते, स्टिअरिंगखाली सोळा पिनांची एक खाचही त्यासाठी ठेवलेली असते. परंतु ती नोंद मालकाच्या दृष्टीस पडावयाची नाही. आपल्याच घरी आलेले पत्र वाचून घेण्यासाठी आपणच गावात वाचक शोधत हिंडावे, असा हा बंदोबस्त आहे.

वाचक शोधला. अधिकृत सेवाकेंद्रात एका तरुण सल्लागाराने स्कॅनर लावला, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, गाडी लीन मारतेय. पी-०१७१." आमच्या घराण्यात लीन होणे म्हणजे पंढरीस जाऊन विटेवरच्या पायांवर मस्तक ठेवणे, एवढाच अर्थ तीन पिढ्या रूढ असल्याने, सोळा हजारांचा विमा भरणाऱ्या या वाहनाला अचानक उपरती कशी झाली असे मला क्षणभर वाटले. पुढे कळले की लीन म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. एका भाग पेट्रोलास वजनाने १४.७ भाग हवा हे इंजिनाचे आदर्श प्रमाण. ते बिघडले आहे. का बिघडले, असे मी विचारीपर्यंत त्याने एक बटण दाबले, आणि आपण मावळलात. "इरेज केलाय. परत आला तर या." या सेवेचे साडेसातशे रुपये झाले. आपण चौथ्या दिवशी परत आलात.

दुसऱ्या भेटीत ऑक्सिजन सेन्सर बदलण्यात आला. रुपये सहा हजार चारशे. हा सेन्सर धुराच्या वाटेवर बसून, जळून बाहेर पडणाऱ्या वायूत प्राणवायू किती शिल्लक राहिला याची वर्दी संगणकास देतो. १९७६ साली व्होल्व्होने कॅलिफोर्नियात विकायच्या गाड्यांत तो पहिल्यांदा बसवला, आणि तेव्हापासून जगभर हीच पाटिलकी तो निमूटपणे करीत आला आहे. त्याने सांगितले की प्राणवायू फार उरतो आहे. ते खरे होते. चोरी झाल्याची वर्दी देणाऱ्या पहारेकऱ्यालाच बडतर्फ करून त्याच्या जागी नवा पहारेकरी नेमावा, आणि नव्यानेही चौथ्या दिवशी तीच वर्दी दिली म्हणजे सर्वांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे, तसे झाले. तिसऱ्या भेटीत थ्रॉटल साफ झाला, इंजेक्टर साफ झाले, प्लग बदलले. चौथ्या भेटीत पेट्रोलच्या पंपाविषयी गंभीर चर्चा निघाली, तेव्हा मी उठलो.

पैशाचे दुःख आहेच, परंतु ते मी सोसतो. जे सोसवत नाही ते वेगळे आहे, आणि ते सांगण्यापूर्वी माझा व्यवसाय सांगणे प्राप्त आहे. मी बत्तीस वर्षे कलेक्टर कचेरीच्या दफ्तरखान्यात काढली. कागद वाचल्याशिवाय निकाली काढू नये आणि निकाली निघाला तरी फाडू नये, या दोन नियमांपलीकडे मला फारसे काही येत नाही. नंतर माझ्या वाचनात आले की कोड नोंदवला जातो त्याच क्षणी संगणक एक पंचनामाही लिहून ठेवतो: इंजिनाचे फेरे किती होते, गाडीचा वेग किती, पाणी किती तापले होते, भार किती होता. आणि त्याशेजारी एक खतावणी असते, तिच्यात संगणकाने प्रमाण राखण्यासाठी पेट्रोलात किती टक्के भर घातली ते मांडलेले असते. त्या एका बटणाने कोडाबरोबर पंचनामा पुसला गेला आणि खतावणीही कोरी झाली. अहो, हा पुरावा होता! गुन्हा शोधायला आलेल्या फौजदाराने प्रथम ओली फरशी पुसून घ्यावी, आणि वर फरशी पुसल्याची मजुरी लावावी? माझ्या खात्यात एखाद्या शिपायाने वर्दीचा कागद चुलीत घातला असता तर त्याचे निवृत्तिवेतन अडकले असते. येथे तेच कृत्य नम्रपणे, वातानुकूलित दालनात, थंड पाण्याचा पेला पुढे करून, तीनदा करण्यात आले. तीनदा!

असो. मेहुण्यांचे मत पडले की दोष इथेनॉलचा आहे. मी अखेर साडेआठशे रुपयांची एक ब्लूटूथची डबी आणली, ती त्या सोळा पिनांत खोचली, आणि चष्मा पुसून खतावणी उघडली. स्लोला गाडी उभी असता भर होती चोवीस टक्के. दहा टक्क्यांपर्यंत कोणी भुवई उंचावत नाही. फेरे अडीच हजारांवर नेले, तर भर उतरून सातावर आली. यावर मी दोन रात्री विचार केला. इथेनॉलला एका भागास नऊच भाग हवा पुरते, म्हणून पेट्रोलात ते मिसळले की भर थोडी वाढते हे मान्य. परंतु उभ्या गाडीत चोवीस आणि पळत्या चालीवर सात, असा पंक्तिप्रपंच इथेनॉल करीत नाही. पंप थकला असता तर उलट झाले असते, कारण मागणी वाढली की तो उघडा पडतो. राहिली चोरवाट. इंजिनात शिरणारी हवा एका जकातनाक्यावर मोजली जाते आणि त्या मोजणीवर पेट्रोलाचा शिधा ठरतो. नाका चुकवून कुठल्या फटीतून हवा आत आली तर तिचा शिधा निघत नाही. स्लोला इंजिन सर्वांत जोराने हवा खेचते आणि रीतसर हवा थोडीच असते, म्हणून बिनजकातीची हवा तेव्हाच डोळ्यांत भरते. फेरे वाढले की तीच चोरी मोठ्या जमाखर्चात बुडून जाते.

हा कागद घेऊन मी पुन्हा त्याच केंद्रात गेलो. सल्लागारांना वेळ नव्हता. त्यांच्या हाताखाली आयटीआयचा एक शिकाऊ मुलगा होता. त्याने आकडे दोनदा वाचले, बोनेट उघडले आणि काही न बोलता इंजिनाच्या मागच्या अंगाने हात घातला. पीसीव्हीच्या रबरी पाइपाला जिथे बाक येतो, तिथे त्याची बोटे थांबली. त्याने पाइप चिमटीत दाबला. इंजिनाची सीऽऽ अशी बारीक शीळ, जी मी दीड महिना ऐकत होतो आणि जिला मी वयोमानाप्रमाणे कानांचा दोष समजत होतो, बंद झाली. बाकाच्या खालच्या बाजूस नखभर चीर होती, वरून न दिसणारी. मी त्याला विचारले, हे आधी का पाहिले नाहीस? तो म्हणाला, "जॉब कार्डवर सेन्सर बदला असं लिहिलं होतं, काका."

दिवेसाहेब, येथे मला थोडे थांबावे लागले.

कारण त्याच सुमारास मी आपली सेवापुस्तिका पाहिली होती. आपण माझे नोकर आहात या समजुतीने मी इतके दिवस आपणांवर डाफरत होतो. आपण सरकारी नोकर निघालात. अमेरिकेत १९९६च्या गाड्यांपासून आणि आमच्याकडे १ एप्रिल २०१३ पासून नव्या चारचाकींत ही स्वनिदानाची दुसरी पिढी कायद्याने सक्तीची झाली, ती मालकाच्या सोयीसाठी नव्हे, धुराने हवा बिघडू नये म्हणून. म्हणजे तू माझ्या गाडीत नेमलेला बाहेरच्या हवेचा कारकून. दोष पहिल्या फेरीत दिसला तर नोंद करून गप्प बसायचे, दुसऱ्या फेरीतही दिसला तरच पेटायचे, ही तुझी रीत. मीही पहिल्या पत्राला उत्तर आले नाही म्हणून कधी ओरडलो नाही, स्मरणपत्र लिहिले. तू बरोबर लिहिलेस. चार वेळा लिहिलेस. वरच्यांनी न वाचता पुसले, आणि तू पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला बसलास. बाबा रे, मी हे बत्तीस वर्षे केले आहे.

तरीही तुझ्या चित्राविषयीची माझी तक्रार कायम आहे. ती टाकीच दिसते.

पाइप बदलला. रुपये दोनशे दहा. मुलगा सवयीने स्कॅनरकडे वळला, तेव्हा मी त्याचा हात धरला आणि कोड पुसू दिला नाही. दोष नाही अशा तीन फेऱ्या झाल्या की तू आपण होऊन मावळतोस असे मी वाचले होते. पहिल्या दिवशी मंडईत जाऊन आलो, दुसऱ्या दिवशी बँकेत. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतींना घेऊन सुरूरला गेलो, आम्ही तिथे चहा घेतला, आणि परत येऊन किल्ली फिरवली तेव्हा तू नव्हतास.

आपला,
एक सेवानिवृत्त दफ्तरदार

सोबत: पावत्या चार, आणि काढून टाकलेला ऑक्सिजन सेन्सर एक, सुस्थितीत.