धोंड्यांचे दोन उपयोग

परदेशातून आलेला तरुण मिशनरी दिवसभर काय करायचा, याचं उत्तर मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे एका शब्दात तयार असतं: बाटवायचा. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. त्याच्या दिवसाचा मोठा भाग शिकवणीला बसण्यात जायचा, आणि शिकवणारे आपण होतो. हे मत मला इतकं का आवडतं ते लपवण्यात अर्थ नाही. त्यात गोरा साहेब खाली मान घालून बसलेला आणि आपण छडी घेऊन उभे असं चित्र आहे, आणि दुसऱ्याचं व्याकरण सुधारण्यातलं सुख मराठी माणसाला पुरणपोळीतही मिळत नाही. पण मत सोयीचं आहे म्हणून ते खोटं ठरत नाही. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला उतरला तेव्हा तिशीचा इंग्रज होता. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, आणि तेही ओवीत. नुसता येशू सांगायचा असता तर गद्यावर भागलं असतं. विल्यम केरीचा मुक्काम तर बंगालात. त्याचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापलं, आणि त्याला मराठी शिकवणारे पंडित वैजनाथ शर्मा मात्र नागपूरकडचे. म्हणजे पुण्यानं आमच्या बोलीला नाक मुरडण्याच्या कितीतरी आधी आमच्या बाजूचा माणूस साहेबाला मराठी सांगत होता. नागपूर आमच्यापासून शंभरेक किलोमीटर लांब आणि आता दुसऱ्या राज्यात, हे मान्य. श्रेय घेताना आम्ही एवढं अंतर धरत नाही.

आक्षेप ठरलेला आहे. भाषा शिकले ती धर्म पसरवायलाच ना? हो, त्यासाठीच. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या भवानीशंकर नियोगी समितीनं १९५६ च्या अहवालात त्यांच्यावर जे ठपके ठेवले ते काही हवेतून आले नव्हते. (समिती नेमली तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. त्याच १९५६ मध्ये नागपूर मराठी मुलखाबरोबर गेलं आणि आम्ही अहवालासकट इकडे राहिलो.) तेव्हा हेतू निर्मळ होता असा माझा दावा नाही. हेतू आणि दिनक्रम या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढाच आहे. हेतू कितीही जाज्वल्य असला तरी सकाळपासून रात्रीपर्यंत पुरत नाही. ऐकायला कुणी आलं नाही, तर उपदेश करणाऱ्याला दुसरं काहीतरी करावंच लागतं.

स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश पाद्री १८४५ मध्ये भोसल्यांच्या नागपुरात आला तेव्हा २७ वर्षांचा होता. त्यानं शाळा काढली. आजचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. आणि सवड मिळेल तेव्हा तो धोंडे गोळा करायचा. इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण धोंडा हा पांढुर्णेकराच्या खास अधिकारातला विषय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे पळसाचं झाड, त्यावर झेंडा, आणि मग गोटमार, म्हणजे दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगडफेक. चपटा धोंडा हवेत कसा वळतो, गोल कसा सरळ जातो, ओला हातातून कसा निसटतो, किती वजनाला खांदा किती मागे न्यायचा, यावर आमच्याकडे शाळकरी पोरही व्याख्यान देईल. प्रशासनानं रबरी चेंडू देऊन पाहिले. तो अपमान गावानं मनाला लावून घेतला आणि गाव पुन्हा धोंड्यांकडे वळलं. जखमींचा आकडा शेकड्यांत जातो, माणसं मेलीही आहेत, आणि तरी ‘यंदा जोर नव्हता’ म्हणणारा भेटतोच. पण एवढ्या अभ्यासात एक प्रश्न आम्हाला कधी पडला नाही: हा धोंडा आला कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा काळा दगड. हिस्लॉप आणि त्याचा सोबती रॉबर्ट हंटर लाव्ह्याच्या दोन थरांमधली माती उकरून त्यात शिंपले आणि वनस्पतींचे जीवाश्म शोधत हिंडायचे. नागपूरच्या आसपासच्या भूगर्भावरचा त्यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्र परिषदेच्या त्रैमासिकात आला. एका खनिजाला हिस्लोपाइट हे नाव मिळालं. पुढे आमच्या सौंसरच्या नावावरून तर अतिप्राचीन खडकांच्या एका अख्ख्या गटाचं बारसं झालं. इथलं मँगनीज त्यातलंच. देशोदेशीचे भूगर्भशास्त्रज्ञ सौंसरचं नाव घेतात, आणि सौंसरच्या बाजारात खडकांची चौकशी केली तर बोलणं दोन मिनिटांत संत्र्यांवर येतं. आम्हाला अभिमान दोन्हींचा आहे, मेहनत फक्त संत्र्यांची.

यावर आमच्यातले चतुर लोक म्हणतील, साहेबाला काय, वेळ होता, पगार होता, पाठीशी सरकार होतं. सरकारचं म्हणाल तर गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला आला तेव्हा कंपनी सरकार त्याला परत धाडायच्या खटपटीत होतं. तो कसाबसा टिकला, आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं गेला. हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतत होता. वाटेत बोरीची शाळा तपासायला मागे थांबला, आणि अंधारात घोड्यासकट पुराच्या नाल्यात शिरला. तो बुडाला तेव्हा सेहेचाळिशीही पुरी झाली नव्हती. धोंडे पाहायला गेलेला माणूस पोरांचे धडे ऐकण्यासाठी थांबतो आणि त्या उशिरापायी मरतो, हे वाचल्यावर वेळ आणि पगाराचा हिशेब मांडायला जीभ रेटत नाही.

माझी चिडचिड मात्र पुढच्या गोष्टीची आहे, आणि ती साहेबावरची नाही. हिस्लॉपच्या मागे राहिलेल्या कागदांत गोंडांच्या लिंगो या देवपुरुषाची गाथा होती, परधान या त्यांच्या भाट-गायकांच्या तोंडची, गोंडीतच उतरवून घेतलेली. इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलनं ते कागद १८६६ मध्ये छापले. आता आम्ही. राज्यकारभार हिंदीत, शाळा हिंदीत, २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला तरी कचेरीतला कागद हिंदीत. आमची मराठी कुणी शिकत नाही, कुणी विचारत नाही, ही आमची पिढीजात तक्रार आहे आणि मी ती दर मराठी भाषा दिनाला आवाज चढवून करत असतो. गोंड शेजारी आमच्याही आधीपासून इथे आहेत. गोंडीतली चार वाक्यं मात्र मला येत नाहीत, आणि येत नाहीत याची मला आजवर लाजही वाटलेली नव्हती. शिकायची गरजच काय, असं कुणी विचारेल. इथल्या गोंडांना मराठी येते, हिंदीही येते. येते ना. ती शिकताना त्यांच्या उच्चारांना किती जण हसले, आणि त्या हसणाऱ्यांत आमच्या घरचे किती होते, हे मात्र आम्ही कुठल्याच समितीला विचारलेलं नाही.