रोपट्याला पाणी, जिओटॅगसह

गेल्या शनिवारी दुपारी साडेतीनला आमच्या महाविद्यालयात संशोधन संस्कृती रुजली. प्राचार्यांनी कुंडीतल्या रोपट्याला पाणी घातलं, फोटो निघाला. त्यात अक्षांश-रेखांश उमटले नाहीत, म्हणून पुन्हा पाणी घातलं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'ला जिओटॅग लागतो. रोपटं जगलं का, असा रकाना त्यांच्या नमुन्यात नाही.

मग परिपत्रक आलं : मार्चअखेर प्रत्येकी दोन शोधनिबंध. स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, "छापायला किती घेतात?" विषय कोणता, हे नंतर बघता येतं.

याचं मूळ जुनं आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, एपीआय ही गुणपद्धत आणली, शोधनिबंधांच्या गुणांवर बढती ठरू लागली आणि नियतकालिकं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. सोमवारी पैसे भरा, गुरुवारी आंतरराष्ट्रीय व्हा. यूजीसीनं मान्यताप्राप्तांची यादी केली. २०१८च्या मे महिन्यात त्याच यादीतली ४,३०५ नियतकालिकं वगळली. २०१९मध्ये तिच्या जागी 'केअर' यादी आली, २०२५च्या फेब्रुवारीत तीही बंद झाल्याचं जाहीर झालं. आता चांगलं नियतकालिक कोणतं, ते ज्या त्या संस्थेनं ठरवायचं. म्हणजे वाचून ठरवायचं! इतका छळ एपीआयनंही केला नव्हता.

वाङ्मयचौर्याचा नियमही आहे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे शिक्षा. त्यामुळे उचललेला मजकूर समानार्थी शब्दांत धुऊन घेतात. आमच्या एका सरांच्या निबंधात 'सहकारी साखर कारखान्या'ची 'मैत्रीपूर्ण शर्करा यंत्रशाळा' झाली. साम्य चार टक्के. सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

खरं सांगायचं तर संशोधन करणारं एक माणूस आमच्याकडे आहे. भूगोलाच्या मॅडम, तासिका तत्त्वावरच्या. तीन वर्षं दर रविवारी एसटीनं जाऊन चार गावांतल्या विहिरींची पातळी दोरी सोडून मोजतात, वहीत लिहितात. तिकीट पदरचं. उन्हाळी सुट्टीत तासिका नसतात, म्हणून मानधनही नसतं; पण विहिरी तेव्हाच तळ गाठतात, म्हणून त्या तेव्हाही जातात. परिपत्रक त्यांना लागू नाही, ते कायम प्राध्यापकांसाठी आहे.

मॅडमचं मराठी टायपिंग मात्र चांगलं आहे. संशोधन संस्कृतीचा अहवाल त्यांच्याकडेच दिलाय. रविवारी बसून सोमवारपर्यंत द्यायचा आहे.