पडण्याची पूर्वतयारी

गुलबर्ग्याच्या माणसाने डोंगरातल्या तळ्यावर कयाक चालवायची तयारी करावी, हे ऐकायलाच जरा आगाऊपणाचं वाटतं. ज्या जिल्ह्याची ख्याती तूरडाळ, शहाबादी फरशी आणि मे महिन्यातलं ऊन यांवर उभी आहे, तिथे डोंगर कुठला आणि तळं कुठलं! पण शोधलं की सापडतं. चिंचोली तालुक्यात टेकड्या आहेत, जंगल आहे, त्याला २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे आणि त्याच टेकड्यांमध्ये चंद्रमपल्लीचा जलाशय आहे. डोंगराचा हट्ट सोडला तर आळंदकडे अमरजा, चित्तापूरकडे बेण्णेतोरा आणि बिदर जिल्ह्यात कारंजा आहेच. तेव्हा पाण्याची अडचण नाही. अडचण आहे ती तयारीची. आपण पाण्यावर जाण्याची तयारी करतो. करायला हवी ती पाण्यात पडण्याची. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. ते पटत नाही म्हणूनच पुढचं लिहावं लागतंय.

आपल्याकडे सहलीची तयारी म्हणजे डबा. कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे, दही, लोणच्याची बाटली आणि 'असू दे' म्हणून ऐन वेळी कोंबलेला चिवडा. यात निंदा करण्यासारखं काही नाही. कडक भाकरी हा तर कयाकसाठीच जन्मलेला पदार्थ आहे: आठवडाभर टिकते, तेलकट नाही, आणि पाण्यात पडलीच तर मऊ होऊन उलट खायला सोपी जाते. डब्याच्या खालोखाल मान मोबाइलचा. त्याच्यासाठी पारदर्शक, पाणी न शिरणारी, गळ्यात अडकवायची पिशवी चार दिवस आधी मागवली जाते. आणि लाइफ जॅकेट? 'ते तिथे मिळेल की.' म्हणजे मोबाइलला जॅकेट घरून निघताना आणि मोबाइलच्या मालकाला मिळालं तर काठावर. या भागात तीन भाषा बोलल्या जातात आणि त्यांचं एरवी कशावर एकमत होत नाही. पण मराठीतलं 'काही होत नाही', कन्नडमधलं 'एन आगंगिल्ल बिड्री' आणि दखनीतलं 'कुछ नै होता' ही तिन्ही मतं एकाच होडीत, एकाच वेळी, विनाजॅकेट बसतात.

ज्यांना तयारीचं महत्त्व पटलंय त्यांची वेगळी पंचाईत आहे. ते परदेशी यादी उतरवून घेतात. त्या यादीत अंगाला चिकटणारा जाड रबरी सूट, लोकरी टोपी आणि हातमोजे असतात. बर्फ वितळून भरलेल्या तळ्यासाठी ती यादी अगदी बरोबर आहे. पाणी शरीराची उष्णता हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. बर्फगार पाण्यात पडलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात आणावा लागतो, पुढची दहा मिनिटं हातपाय उपयोगाचे राहतात आणि शुद्ध हरपायला साधारण तासभर लागतो, असा तिकडचा ढोबळ नियम आहे. चार हजार मीटरहून उंच असलेल्या पँगाँगच्या काठी तो पाठच हवा. पण तो सूट घालून एप्रिलच्या दुपारी बेण्णेतोऱ्याच्या काठावर उभा राहिलेला माणूस पाण्यात पडायच्या आधीच शिजून निघेल. आपला शत्रू गारठा नाही, ऊन आहे. म्हणून इथल्या यादीत पूर्ण बाह्यांचा पातळ, लवकर वाळणारा सदरा, दोरीने हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, प्रत्येकाचं भरपूर पाणी आणि ताक. जीन्स नको, भिजली की ती पायांना खाली ओढू लागते. सूर्योदयाला निघावं आणि ऊन चढायच्या आत काठाला लागावं, कारण दिवस वर आला की वारा उठतो आणि उन्हाळ्यात संध्याकाळी वळीव विजा घेऊन येतो. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावं, म्हणजे दमल्यावर तोच वारा घरी आणून सोडतो. पॅडलबोर्डवर, म्हणजे उभ्याने वल्हवायच्या फळीवर, तर माणूस स्वतःच शीड असतो. हवा भरायचा बोर्ड काठावर उन्हात ठेवला तर आतली हवा तापून त्याच्या सांध्यांवर ताण येतो, म्हणून तो सावलीत ठेवावा. सावली नसेल तर थोडी हवा सोडावी, मग ती पुन्हा भरताना आपला व्यायामही होतो.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात भारदस्त आवाजातला: 'मला पोहता येतं, विहिरीत शिकलोय.' मान्य. पण शिकलात कसे? पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, वाळका भोपळा किंवा रिकामा पत्र्याचा डबा बांधूनच ना? मग लाइफ जॅकेट हे परक्यांचं थेर कसं? तो आपला भोपळाच आहे, फक्त त्याला चेन आणि पट्टे आले आहेत. शिवाय विहिरीला कठडा असतो आणि कुठल्याही दिशेला चार हात मारले की पायरी लागते. जलाशयात काठ अर्धा किलोमीटर लांब असतो आणि पोटरीत गोळा यायला कुणाची परवानगी लागत नाही. जॅकेट फार काही मागतही नाही. पाण्यात डोकं वर ठेवायला बहुतेकांना तीन ते पाच किलोंचा जादा आधार पुरतो. इथे जाड माणसांसाठी आनंदाची बातमी आहे: चरबी पाण्यापेक्षा हलकी असल्याने त्यांना हा आधार उलट कमी लागतो. पण त्या आनंदात जॅकेट काठावर ठेवू नये, आणि पोटावर पट्टा बसत नाही म्हणून उघडंही सोडू नये. उघडं जॅकेट पाण्यात पडताच वर सरकतं आणि कानांशी येऊन बसतं. तरंगतं ते, माणूस नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: 'आमचे मासेमार थर्माकोलच्या ठोकळ्यावर बसून हाताने वल्हवतात, त्यांना कुठे असतं जॅकेट?' खरं आहे, आणि त्यांच्यापुढे आपले महागडे बोर्ड लाजावेत. तुंगभद्रेवर तर वेताची, कातड्याने मढवलेली गोल होडी शतकानुशतकं चालत आली. १५२० च्या सुमारास विजयनगरला आलेल्या दोमिंगो पाएस या पोर्तुगीज प्रवाशाने लिहून ठेवलंय की ती सरळ जात नाही, सारखी गोल फिरत राहते. आजही नवखा कयाकवाला पहिल्या तासात नेमकं हेच करतो, म्हणजे परंपरा अभंग आहे. पण मासेमाराला बुडालेली बाभूळ कुठे आहे, जाळं कुठे लावलंय आणि वारा कधी फिरतो हे ठाऊक असतं. त्याच्याकडे हे ज्ञान आहे, आपल्याकडे चिवडा आहे. त्यालाही जॅकेट मिळायला हवं. तो ते घालत नाही, हा आपण न घालण्याचा पुरावा होत नाही.

तिसरा आक्षेप रसिकांचा: 'इतकी भीती घालून मजा काय राहिली?' उलट, पडायची तालीम हाच सहलीतला सगळ्यात विनोदी भाग आहे. कमरेएवढ्या पाण्यात, काठाजवळ, मुद्दाम पडावं. उघड्या कयाकवर परत चढायचा क्रम ठरलेला आहे: आधी पोट, मग बूड, मग पाय. पाय मागे झाडत शरीर पाण्याच्या पातळीला आडवं आणायचं, कयाकवर पोट टाकायचं, वळून बसायचं आणि शेवटी पाय आत घ्यायचे. सगळे पहिल्यांदा या बाजूने चढतात आणि त्या बाजूने पडतात. पॅडलबोर्डवर आधी गुडघ्यांवर बसावं, मध्यावरच्या मुठीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उठावं आणि नजर दूर ठेवावी. पायांकडे पाहिलं की पाय पाहतच राहतात आणि माणूस जातो. बोर्डचा दोर घोट्याला बांधलेला असावा, नाहीतर तुमच्याविना वाऱ्यावर गेलेला बोर्ड पोहून पकडता येत नाही. परतताना काठाची काळी माती पायांना धरते. एक पाऊल उचललं की चप्पल आतच राहते. तेव्हा मागे पट्टा असलेली सँडल घालावी.

तेव्हा अमुक पदार्थ घेतले का, हे आता विचारायचं नाही. ते घेतलेले असतातच. अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढा, कुठे जातोय आणि कधी परतणार हे घरी सांगून ठेवा, आणि जॅकेट अंगात घालून सगळे पट्टे आवळल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका. डबा काठावर राहू द्या. परत आल्यावर तो खायला तुम्ही असला पाहिजेत, एवढ्याचसाठी ही सगळी तयारी.