सुरळी नसलेली सुरळीची वडी

पाहुण्यांसमोर मांडायला सुरळीच्या वडीइतका बेभरवशाचा पदार्थ नाही. कांदाभजी बिघडली तरी भजीच राहते. वडी बिघडली की तिचं थेट पिठलं होतं, आणि होणाऱ्या व्याह्यांपुढे पहिल्याच भेटीत पिठलं ठेवायचं धाडस आमच्या घराण्यात अजून कुणी केलेलं नाही.

कृती म्हणाल तर सोपी. एक वाटी बेसन, एक वाटी आंबट दही, दोन वाट्या पाणी, हळद, मीठ, आलं-मिरचीचं वाटण. गुठळी होऊ न देता घोटत राहायचं आणि ताटाच्या पाठीवर थोडं सारवून पाहायचं. गार झाल्यावर कड सुटली, की उरलेलं सगळं धावपळ करत सारवून घ्यायचं. कमी शिजलं तर पीठ ताटाला धरून बसतं, जास्त शिजलं तर सारवायच्या आधीच आळतं. या दोहोंच्या मध्ये जेमतेम मिनिटभराची जागा आहे, आणि माझ्या चुलतबहिणीला पाहायला मुलाकडचे येणार होते त्या दिवशी, नेमक्या त्या मिनिटाला काकांना फोन आला.

काकू साडी नेसायला गेली होती, म्हणून घोटणं काकांकडे. त्यांनी गॅस बंद केला आणि मुलाच्या वडिलांना ठाण्यातला रस्ता सांगू लागले. उड्डाणपुलावरून यायचं की खालून, यावर दोन्ही बाजूंनी मतं मांडली गेली. मग परत येऊन, ‘शिजलंच असेल’ या श्रद्धेने, त्यांनी एकामागून एक ताटं सारवून टाकली.

काकूने पट्ट्या कापल्या, कड उचलली. वडी सुटली नाही, नुसती सुरीला लागून आली.

“चव छान आहे हं,” काका म्हणाले. अशा वेळी हे वाक्य बोलणाऱ्याला आमच्याकडे स्वयंपाकघरातून बाहेर काढतात. काढलं.

वातावरण हलकं करायला मी नाचोजची गोष्ट काढली. मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास गावात, 1940 च्या दशकात, सीमेपलीकडून काही बायका खायला आल्या आणि आचारी जागेवर नव्हता. इग्नासिओ अनाया नावाच्या गृहस्थांनी तळलेल्या टॉर्टियाच्या तुकड्यांवर चीज वितळवलं, वर मिरच्या ठेवल्या. त्यांचं लाडकं नाव नाचो, तेच पदार्थाला चिकटलं.

“त्याच्याकडे व्याही येणार नव्हते,” काकू म्हणाली. पण तळलेले तुकडे तिच्या डोक्यात राहिले असावेत. फडताळात शेवपुरीच्या चपट्या पुऱ्यांचं पाकीट होतं.

तिने ताटं कालथ्याने खरवडली, ऐवज परत कढईत घातला, पाण्याचा हबका मारून चांगला घोटला आणि पूर्ण गार होऊ दिला. गरम सारण पुरीवर ठेवलं तर वाफेने पुरी सादळते. मग प्रत्येक पुरीवर चमचाभर सारण, ओलं खोबरं, कोथिंबीर, दोन-चार डाळिंबाचे दाणे. मोहरी, हिंग आणि तिळाची फोडणी कढल्यात तयार ठेवली आणि घंटी वाजल्यावर चमच्या-चमच्याने वरून सोडली.

पाहुण्यांपैकी मुलाच्या आत्याबाई चोखंदळ निघाल्या. एक खाल्ली, दुसरी उचलली आणि विचारलं, “याला काय म्हणतात?”

काकूने माझ्या चुलतबहिणीकडे पाहिलं. उपवर मुलीने एरवी अशा प्रसंगी खाली पाहावं, असा संकेत आहे. ती म्हणाली, “डीकन्स्ट्रक्टेड सुरळी वडी.” आत्याबाईंनी जाणत्यासारखी मान डोलावली. टीव्हीवरच्या पाककृतींच्या स्पर्धा त्याही पाहत होत्या. हॉटेलात मोडक्या पदार्थाला हे नाव दिलं की किंमत वाढते. घरी त्याला खरवड म्हणतात, आणि ती आईच्या वाट्याला जाते.

लग्न ठरलं. त्यात पुऱ्यांचा वाटा किती, यावर काका-काकूंचं एकमत नाही. काकांच्या मते श्रेय त्यांचं आहे, कारण वड्या वेळेवर सुटल्या असत्या तर हे घडलंच नसतं.

पुढे कृती विचारून गेलेल्या आत्याबाईंचा फोन आला. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं, पण वड्या अगदी अलगद सुटून आल्या. आता त्या पुरीवर कशा घालायच्या?

“घोटताना मध्येच कुणाचा तरी फोन घ्या,” काकू म्हणाली.

तुमच्याकडे सणासुदीला वड्यांचा बेत असेल, तर शेवपुरीच्या पुऱ्यांचं एक पाकीट आणूनच ठेवा. फोडणी मात्र पाहुणे दारात आल्याशिवाय घालू नका.