कानाचं मशीन

आमच्या घरात सध्या दोन मशिनांवरून वाद आहे. एक अण्णांच्या कानाला लावायचं, दुसरं गाडीच्या इंजिनाला. दोन्हींचा खर्च माझा, दोन्हींना विरोध अण्णांचा.

गाडी १९९८ ची, कार्बोरेटरवाली. आरसी बुकात तिचं गाव उस्मानाबाद. २०२३ साली गावाचं धाराशिव झालं, गाडी आहे तीच. सपाट रस्त्यावर ती गरीब गाय असते. पण सोलापूरहून येताना तुळजापूरचा घाट लागला आणि आत चार माणसं असली, की बॉनेटखालून टक् टक् टक् सुरू. बरणीत खिळे घालून हलवावेत तसं.

मिस्त्रीनं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. त्याची समाधी उतरेपर्यंत मी चहा सांगून आलो. "टॅपेट न्हाई," तो म्हणाला. "चढालाच वाजतंय ना? मग नॉकिंग."

नॉकिंग म्हणजे काय, हे घरी समजावताना तेरखेडा कामाला आला. फटाक्यांचं गाव आपल्याच जिल्ह्यात, उदाहरणाला लांब जावं लागत नाही. सिलिंडरात ठिणगी पडली की पेट्रोल-हवेचं मिश्रण भुईनळ्यासारखं एका बाजूनं पेटत जावं. पण आत उष्णता आणि दाब फार वाढला, तर लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण ज्योतीची वाट न बघता आपणहून भडकतं. लावला भुईनळा, फुटला सुतळी बॉम्ब. हे फार दिवस चाललं तर पिस्टनला भोकसुद्धा पडतं.

नव्या गाड्यांत इंजिनाच्या ब्लॉकवरच सेन्सर बसवलेला असतो. तो आवाज ऐकत नाही, ब्लॉकची थरथर ओळखतो. मग कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा पाडतो आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आमच्या गाडीला कुठला कॉम्प्युटर? तिच्यासाठी मला जे यंत्र सापडलं, ते फक्त लाल दिवा लावणार. किंमत साडेचार हजार.

"दिवा लागल्यावर काय करायचं?" अण्णांनी विचारलं.

"गिअर पाडायचा. पाय हलका करायचा."

"मग आत्ताच कर की. दिव्याची कशाला वाट बघतूस?"

एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाशी वाद घालणं अवघड. डिझेलला ठिणगीच नसते, दाबून तापलेल्या हवेतच ते पेटतं, त्यामुळं खडखड हा त्याचा स्वभावच. त्या खडखडीतून नको ती खड् नेमकी निवडणारा माणूस पेट्रोलच्या टकटकीला काय किंमत देणार?

दरम्यान मिस्त्रीनं डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग मागं घेतलं. टकटक कमी झाली, पण पिकअपही गेला. पिस्टनवर पंचवीस वर्षांचा कार्बन बसलाय, इंजिन खोलायला लागेल, असं तो म्हणाला. त्याचा आकडा ऐकून मला लाल दिवा एकदम स्वस्त वाटायला लागला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्यानं नॉकिंग उलट कमी व्हायला पाहिजे, हेही मी अण्णांना सांगून बघितलं.

"ढोकीचा ऊस पाजला तरी खोकतीयच व्हय?" एवढंच बोलून ते पेपरात शिरले.

कानाच्या मशिनावर त्यांचं म्हणणं आणखी थोडक्यात होतं. "ऐकण्यासारखं कोण काय बोलतंय?"

पण कानाच्या डॉक्टरांनी मला एक हुकमाचं पान दिलं होतं. वयानं आधी जातात ते बारीक, उंच पट्टीतले आवाज. आणि नॉकिंगचा आवाज असतो काही हजार हर्ट्झचा, म्हणजे बरोबर त्याच पट्टीतला. ट्रकचा हॉर्न अण्णांना ऐकू येईल, पण ही टकटक येणं शक्य नाही. एका पानात दोन्ही मशिनं घरात!

परवा घाटात ते पान टाकलं. चढाला मुद्दाम चौथ्यातच राहिलो. टकटक सुरू झाली, वाढली. मागं बसलेल्या पोरांनीसुद्धा माना वर केल्या. अण्णा शेजारी बसलेले, नजर बाहेर, पसरलेला तळवा सवयीनं डॅशबोर्डवर. मी मनात आकडे मोजत होतो. चारपर्यंत पोचलो.

"तिसरा टाक," अण्णा म्हणाले.

मी तिसरा टाकला. टकटक थांबली.

"अण्णा, तुम्हाला ऐकू आलं?"

"आँ?"