घरचंच त आहे!

शिवणयंत्रावर काय काय ठेवता येतं हे ज्याला पाहायचं असेल, त्यानं भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात डोकवावं. लाइटबिल, गुडघेदुखीचं तेल, मोबाइलचा चार्जर, सत्यनारायणाच्या प्रसादाची वाटी आणि गेल्या मोसमातल्या लग्नपत्रिका. आमचा जिल्हा तलावांचा म्हणून ओळखला जातो, धानाचा म्हणून ओळखला जातो, पितळी भांड्यांसाठीही त्याचं नाव आहे. पण मशीनचा टेबल म्हणून उपयोग करण्यात आमचा हात धरणारं विदर्भात दुसरं कुणी नसावं. मला शिवायला बसायचं तर आधी अर्धा संसार पलंगावर हलवावा लागतो. तो हलवला रे हलवला की आतून आवाज येतो, "आज मशीन काढली का? मग माझ्या पायजम्याचा नेफा तेवढा मारून दे."

मी घरी शिवते आणि विकते. पिशव्या, बटवे, उशांचे अभ्रे, पोळ्यांचे रुमाल, कुंच्या, दुपटी, मिक्सरचे झगे आणि पोळ्याच्या सुमारास बैलांच्या झुली. विकायचं काय आणि घरचं काय याबद्दल माझ्या मनात जराही गोंधळ नाही. कपाटाचा वरचा कप्पा विक्रीचा, खालचा घरचा. गोंधळ वस्तूंच्या मनात आहे. त्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात येतात. खालून वर गेलेली एकही वस्तू मी पाहिलेली नाही. नणंद आली की दोन अभ्रे खाली येतात. मुलाचा मित्र आला की पिशवी खाली येते. आमच्याकडे तर पाहुण्याला पाणी देण्याआधी "बघ ना, वहिनीनं काय काय शिवलंय" म्हणून वरचा कप्पा उघडून दाखवतात. पाहुणी मग "किती सुरेख!" म्हणते, आणि आमच्या संस्कृतीत सुरेख म्हटलेली वस्तू कपाटात परत ठेवणं हा अपमान असतो.

या व्यवसायातला कच्चा माल कुठून येतो, असं लोक विचारतात. चांगलं कापड नागपूरच्या गांधीबागेतून येतं. सकाळची बस धरायची, साठेक किलोमीटर जायचं, कटपीसच्या ढिगात कंबरेपर्यंत शिरायचं, दुकानदाराशी पन्ना, रंग आणि भाव या तिन्ही विषयांवर वाद घालायचा आणि संध्याकाळी दोन बोचकी घेऊन कंडक्टरशी चौथ्या विषयावर वाद घालत परत यायचं. बाकीचा माल घरातच असतो, फक्त तो माल आहे हे मालकाला ठाऊक नसतं. यांची एक जीनची पँट गुडघ्यावर विरली होती. तिची बाजारपिशवी झाली, मागच्या खिशासकट. ती विकली गेल्यावर महिन्याभरानं हे भाजी घेऊन आले ते गप्प गप्प. चहा झाल्यावर म्हणाले, "खांब तलावाजवळ एक बाई होती. तिच्या पिशवीला माझा खिसा होता. त्यात तिनं कोथिंबीर ठेवली होती." मी म्हटलं, तुमच्या खिशातून काहीतरी डोकावतंय हे पाहून मला तर आनंदच झाला असता.

आणि चुंगडी, म्हणजे पोती! तांदळाच्या गिरण्या असलेल्या मुलुखात राहण्याचा हा मोठा फायदा. पांढऱ्या विणलेल्या प्लास्टिकच्या चुंगड्या धुऊन अस्तराला लावल्या की पिशवीत दहा किलो तांदूळ घाला नाहीतर सासरचा राग घाला, ती फाटत नाही. सुई मात्र अठरा नंबरची लागते. चौदा नंबरची सुई चुंगडीवर पहिल्याच टिपेला मोडते आणि तिचं टोक अशा ठिकाणी जाऊन पडतं की ते दिवाळीच्या सफाईत सापडावं, आणि तेही पायाला.

आता मुद्द्याचं. किंमत. मी वहीत हिशेब ठेवते. कापड इतकं, अस्तर इतकं, चेन, दोरा, नाडी. शेवटचा रकाना मजुरीचा. सासूबाई साकोलीकडच्या, वाचता येत असल्यामुळे त्या वही वाचतात. मजुरीच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. "हे काहाचे पैसे वं?" मी म्हटलं, शिवायचे. "बसल्या बसल्या त शिवतेस!" यावर उत्तर नसतं. उभं राहून शिवता येत नाही ही शिवणयंत्राची मूळ अडचण आहे, आणि जे काम बसून होतं ते काम नव्हे हा आमच्या घरातला मूळ कायदा. तो कचेरीत बसणाऱ्यांना मात्र लागू नाही.

हा कायदा आमच्या घरापुरता असता तर मी सोसला असता. पण तो मंडईतही चालतो. आमच्या या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, राहत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. भाऊबीजेच्या सुमारास गावोगावी जत्रेसारखी मंडई भरू लागते. धान कापणीला आलेलं असतं, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, दिवसा दुकानं आणि रात्री दंडारीचं लोकनाट्य नाहीतर नाटक. नाटक असं की पहाटेपर्यंत चालतं आणि खलनायक मरेपर्यंत कोणी उठत नाही. अशा मंडईत चादर अंथरून मी माझा वरचा कप्पा मांडते. तिथला संवाद दरवर्षी तोच असतो. फक्त माणसं बदलतात.

"कितीले आहे हे पिशवी?"

"ऐंशी."

"ऐंशी! बाप्पा! मिशनीवर शिवली का हातानं?"

"मशीनवर."

"मंग महाग कावून? मिशननंच त शिवली."

पुढचीला मी सांगितलं, हातानं. तर ती म्हणाली, "हातानं शिवली त मिशनीचा खर्च वाचला ना!" आणि या दोघींच्या मागून एक आजी पुढे आली, तिनं पिशवी उलटी केली, आतली टीप नखानं ओढून पाहिली, चुंगडीचं अस्तर चाचपलं आणि निकाल दिला, "कापड घरचं, मिशन घरची, बाई घरची. तीसले दे." मी पंचावन्नला दिली. आजीनं ती काखेत मारली, तिथेच बाजूच्या दुकानातून साठ रुपयांचा प्लास्टिकचा फुगीर गुलाब विनातक्रार विकत घेतला आणि माझ्याच पिशवीत ठेवला.

लोकांना पिशवीची किंमत कळली असा एकच काळ मी पाहिला, २०१८ चा. मार्चमध्ये राज्य सरकारनं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली आणि जूनच्या २३ तारखेपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार. भंडाऱ्यात एकाएकी कापडी पिशवीला मागणी आली. किराणावाले, भाजीवाले, औषधवाले, सगळ्यांना शंभर-शंभर हव्या. माझं मशीन रात्री अकराला थांबायचं. पण गंमत अशी की पाच हजारांच्या दंडाला घाबरून आलेला माणूस चाळीसची पिशवी पस्तीसला मागत होता. मी म्हटलं, दादा, पाच हजार वाचतात. तो म्हणाला, "ते वाचतात म्हणूनच त आलो, आता पाच रुपयेही वाचवू द्या." पुढे पातळ पिशव्या गुपचूप परत आल्या, आणि दादाही पुन्हा दिसले नाहीत.

सरकारला मात्र शिलाईची किंमत कळते, निदान कागदावर. २०२३ साली विश्वकर्मा योजना आली. तिच्या अठरा व्यवसायांत कुंभार, सुतार, लोहार यांच्या रांगेत शिंपीही आहे. अवजारांसाठी पंधरा हजार आणि प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन. आमच्या ओळीतल्या एका मुलीनं प्रशिक्षण घेतलं आणि परत आल्यावर फार विचारात पडली. शिकताना दिवसाला पाचशे मिळत होते. शिकून झाल्यावर पिशवीमागे दहा सुटतात. तिचं म्हणणं, जन्मभर शिकतच राहण्याची काही सोय असेल तर चौकशी करावी.

गांधीजींनी बहुतेक यंत्रांना नाकं मुरडली, पण शिवणयंत्राला त्यांनी सूट दिली होती. १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना त्यांनी सिंगरचं मशीन हे अपवाद म्हणून सांगितलं. सिंगरनं बायकोचे हाताने टाके घालण्याचे कष्ट पाहिले आणि प्रेमापोटी मशीन घडवलं, अशी त्यांची समजूत. आमच्या विदर्भातल्याच वर्ध्यात पुढे मुक्काम केलेल्या या महात्म्याचा शब्द खाली पडू नये अशी माझी फार इच्छा आहे. पण आयझॅक सिंगर या माणसानं १८५१ साली पेटंट घेतलं ते रोख पैशासाठी, आणि त्याचे संसार एकाच वेळी इतके होते की मुलांची संख्या विसाच्या पुढे गेली. कुठल्या बायकोचे कष्ट पाहून त्याला पाझर फुटला हे ठरवायलाच एक समिती लागेल. शिवाय मशीन आल्यावर बायकांचे कष्ट कमी झाले ही दुसरी समजूत. हातानं शिवत होते तेव्हा लोक एक दुपटं मागायचे. मशीन आहे म्हटल्यावर डझन मागतात.

दुपट्यांचा विषय निघालाच आहे तर तोही आटोपते. बाळंतविड्याची ऑर्डर कधीही पैशानं होत नाही. कुंची, दुपटी, लंगोट, झबली हा सगळा व्यवहार "आपल्यातलंच बाळ आहे" या खात्यात जातो. आपल्यातलं म्हणजे किती लांबचं याला मर्यादा नाही. परवा मी ज्या बाळाला कुंची शिवली त्याचा आणि माझा संबंध असा की त्याचे आजोबा आणि आमचे मामा एकदा तुमसर रोडला एकाच बाकावर गाडीची वाट पाहत बसले होते.

या सगळ्या धंद्यात एकदाच सासूबाईंनी माझी बाजू घेतली, आणि तीही साडीमुळे. त्यांच्या लग्नातली करवतकाठी कोशाची साडी होती, मोहाडीकडच्या विणकराची. काठाला करवतीसारखे दात, अंगाला तो कोशाचा मधाळ रंग. घडीवर विरत गेली होती. बटवे छान होतील, असं मी नुसतं म्हटलं तर दोन दिवस घरात स्वयंपाकघर बोलत नव्हतं. "फाटली नाही, विरली आहे," असं त्या मला सांगत. मग एका दुपारी स्वतःच साडी घेऊन आल्या, मशीनवरची लग्नपत्रिका आणि तेलाची बाटली बाजूला केली आणि कोसा सांगायला बसल्या. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या वाढवायच्या, पाखरं टिपून नेतात म्हणून राखण करायची; ढिवर लोक ते करतात. मग कोश उकळायचे, सूत काढायचं, मागावर बसून काठाचे दात जुळवायचे. "इतक्या हातातून आली हे. तू पन्नासले देशीन त पाय हं." मी म्हटलं, किती लावू? त्या म्हणाल्या, "मजुरी धर. साऱ्यांची धर."

साऱ्यांची धरली. बटवे अडीचशेला एक लावले आणि मंडईत सासूबाई स्वतः चादरीवर बसल्या. एकीनं भाव पाडायचा प्रयत्न केला. "आजी, जुन्या साडीचंच त आहे!" सासूबाईंनी तिच्या हातातून बटवा काढून घेतला आणि तिला मंडईच्या दुसऱ्या टोकाचा रस्ता दाखवला. दोन बटवे विकले गेले. ते घेणाऱ्या बायकांचं नाव, गाव, माहेर आणि बटव्यात काय ठेवणार हे विचारल्याशिवाय त्यांनी पैसे घेतले नाहीत. उरलेले बटवे खालच्या कप्प्यात आले आहेत. त्यांना हात लावायची नणंदेचीही प्राज्ञा नाही.

माणसांचा असा अनुभव असल्यामुळे मी आता मुख्यत्वे बैलांसाठी शिवते. खऱ्या बैलांसाठी पोळ्याला, आणि त्याहून जास्त लाकडी बैलांसाठी तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी नंदी सजवून रांगेत उभे करतात आणि मग घरोघरी नेऊन बोजारा, म्हणजे बक्षिसी, मागतात. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी नागपुरात १८०६ साली ही प्रथा सुरू केल्याचं सांगतात, आणि तेव्हापासून विदर्भातल्या आयांना पोळ्याच्या आदल्या रात्री झोप नाही. सजावटीला बक्षीस असतं. त्यामुळे झूल मखमलीची पाहिजे, टिकल्या पाहिजेत, गोंडे पाहिजेत, आणि समोरच्या बंड्याच्या बैलापेक्षा दोन गोंडे जास्त पाहिजेत. माप द्यायला बैल टॉवेलात गुंडाळून येतो. मी टेप लावते; शिंगापासून शेपटीपर्यंत, वशिंडावरून पोटाखाली. तो हलत नाही, श्वास रोखून धरत नाही, "थोडी ढिली ठेवा, मी जाड होतेय" म्हणत नाही. काखेत घट्ट होते अशी तक्रार घेऊन तो एकदाही परत आलेला नाही. आणि त्याचा मालक सात वर्षांचा असल्यामुळे किमतीवर वाद घालण्याऐवजी आईच्या पदराला धरून रडतो, ते माझ्या फायद्याचं असतं.

तेव्हा यंदा झूल हवी असेल त्यांनी नागपंचमीपर्यंत बैल आणून द्यावा. साधी दीडशे, गोंड्यांची दोनशे, यात मजुरी धरलेली आहे. पोळ्याच्या आदल्या रात्री दार वाजवणाऱ्यांची झूल शिवून मिळणार नाही, मग बैल कितीही आपल्यातला असो.